शिशाचे कूळ आणि वाऱ्याची वाट

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. विचारले तर काही तरी अडचणीचे निघते, हा तिचा मथितार्थ. विज्ञानाला मात्र असला संकोच परवडत नाही. हवेत तरंगणाऱ्या शिशाच्या कणाला गाठून, "बाबा रे, तुझे कूळ कोणते, तू कोणत्या खाणीतून निघालास आणि कोणती सीमा ओलांडून येथवर आलास?" असे विचारणारे एक शास्त्र गेल्या साठसत्तर वर्षांत उभे राहिले आहे. त्याची उत्तरे खरोखरच अडचणीची निघाली. या शास्त्राची ओळख करून द्यावी आणि हैदराबादेत बसून आपण त्यातून काय घ्यावे हेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घरोघरी असलेला धातू

शिसे आपल्याला परके नाही. जुन्या छापखान्यात ज्या खिळ्यांनी मजकूर जुळवीत, ते खिळे मुख्यतः शिशाचेच असत. मारुतीला चढवतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड. घरातल्या इन्व्हर्टरची आणि स्कूटरची बॅटरी शिशाच्या पट्ट्यांवरच चालते. गंमत अशी की, जिच्या नावातच शिसे आहे त्या शिसपेन्सिलीत मात्र ते मुळीच नसते. तिच्यात असते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन.

शिसे मऊ, लवकर वितळणारे आणि गंज न चढणारे, म्हणून माणसाला ते हजारो वर्षे आवडत आले. पण शरीराला त्याचा कणभरही उपयोग नाही. त्याची घातकता अशी की, शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठते आणि मज्जासंस्थेत शिरते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो. लहान मुलाच्या बाबतीत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि बुद्धी, एकाग्रता व वर्तन यांत कायमची उणीव राहते. अमुक इतके शिसे निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा आजवर सापडलेली नाही.

हे शिसे हवेत मोठ्या प्रमाणावर आले ते मोटारींमुळे. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांना असे आढळले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड नावाचे संयुग अल्प प्रमाणात मिसळले तर इंजिनाची ठोकाठोक थांबते. पुढची कित्येक दशके जगभरच्या मोटारी शिसे जाळीत धावल्या. धुराड्यातून बाहेर पडणारे शिशाचे कण इतके बारीक असत की ते जमिनीवर बसायचेच नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा कण पाऊस लागला नाही तर आठवडाभर सहज हवेत राहतो. वारा ताशी २० किलोमीटर वेगाने वाहत असेल तर तो कण दिवसाला ४८० आणि आठवड्यात तीन हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास करतो. वाटेत किती देश येतात, हे त्याच्या गावीही नसते.

चार भावंडे

आता मुख्य प्रश्न. शिशाचा कण सगळीकडे सारखाच दिसतो, सारखाच वागतो. मग तो इथला की परदेशचा, हे कसे ओळखायचे?

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की, एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असू शकतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. शिशाचे स्थिर समस्थानिक चार: २०४, २०६, २०७ आणि २०८. सर्वसाधारण शिशात त्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे १.४, २४.१, २२.१ आणि ५२.४ टक्के असते. यांपैकी २०४ हा पृथ्वीच्या जन्मापासून आहे तेवढाच आहे. उरलेल्या तिघांत मात्र सतत भर पडत आली आहे. युरेनियम-२३८ चा ऱ्हास होऊन शेवटी शिसे-२०६ बनते, युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ आणि थोरियम-२३२ पासून शिसे-२०८.

यातील मेख अशी की ही घड्याळे एका गतीने चालत नाहीत. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतके. त्यामुळे आरंभीच्या साठ्यापैकी निम्मा अजून शिल्लक आहे. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य मात्र अवघे ७० कोटी वर्षे. त्याचा साठा आता शंभरातला एक एवढाच उरला आहे. थोडक्यात, शिसे-२०७ ची बहुतेक भर पृथ्वीच्या तारुण्यात पडली, तर शिसे-२०६ ची भर आजही चालूच आहे. म्हणून जसजसा काळ जातो तसतसे २०६ आणि २०७ यांचे गुणोत्तर वाढत जाते.

जमिनीच्या पोटात जेव्हा गॅलेनासारखे शिशाचे खनिज तयार होते, तेव्हा शिसे युरेनियमपासून वेगळे पडते. त्या क्षणी ही घड्याळे त्याच्यापुरती थांबतात. त्या वेळचे गुणोत्तर त्या खनिजात कायमचे कोरले जाते. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलचे खनिज सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. त्याचे २०६/२०७ गुणोत्तर १.०४ च्या आसपास आहे. अमेरिकेतील मिसुरीच्या खाणींतील शिशाने युरेनियमयुक्त खडकांतून जास्तीचे शिसे-२०६ गोळा केले, म्हणून त्याचे गुणोत्तर १.३ च्याही वर जाते. फरक दशांशाचा दिसतो, पण मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने तो याच्या शतांशानेही अचूक मोजता येतो.

आणखी एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. खनिज भट्टीत वितळवा, त्याचे पेट्रोलमधले संयुग बनवा, ते इंजिनात जाळा, तरी हे गुणोत्तर जवळजवळ बदलत नाही. हलक्या मूलद्रव्यांचे समस्थानिक उष्णतेने थोडेफार विलग होतात. पण २०६ आणि २०७ यांच्या वजनात फरक केवळ अर्धा टक्का असल्याने दोघेही बरोबरीनेच सगळ्या प्रक्रियांतून जातात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हेकट माणसासाठी वापरतो. ती शिशाला अक्षरशः लागू पडते.

हे शास्त्र आपल्या गावालाही अपरिचित नाही. १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था येथे हबसीगुड्याजवळ आहे आणि समस्थानिक मोजून खडकांचे वय ठरविण्याचे काम तिच्या प्रयोगशाळांत झाले आहे. युरेनियमचा शोध घेणाऱ्या परमाणू खनिज संचालनालयाचे मुख्यालय बेगमपेठेत आहे. ज्या मापनाने खडकाचे वय कळते, त्याच मापनाने धुराचे कूळ कळते.

पृथ्वीचे वय शोधता शोधता

या दोन गोष्टींची सांगड प्रथम घातली गेली ती एका अडचणीतून. क्लेअर पॅटर्सन हा अमेरिकन भूरसायनज्ञ उल्केतील शिशाचे समस्थानिक मोजून पृथ्वीचे वय काढू पाहत होता. पण मोजमाप काही केल्या जुळेना. नमुन्यात असावे त्याहून कितीतरी अधिक शिसे सापडे. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की दोष यंत्रात नसून प्रयोगशाळेच्या हवेत आहे. शिसे धुळीतून, भांड्यांतून, कपड्यांतून, अगदी त्वचेवरूनही येत होते. तेव्हा त्याने अत्यंत स्वच्छ खोली उभारली आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे जाहीर केले. तो आकडा आजही टिकून आहे.

पण ती हवा त्याला स्वस्थ बसू देईना. १९६५ साली त्याने असे मांडले की, आपण ज्याला माणसाच्या शरीरातील "सामान्य" शिसे म्हणतो ते नैसर्गिक प्रमाणाच्या कित्येक पट आहे. तेल आणि शिसे उद्योगांना हे रुचले नाही. त्याने सहकाऱ्यांसह ग्रीनलंडच्या बर्फाचे थर तपासले. दरवर्षीचा हिमपात एकावर एक साचत जातो, म्हणून तेथील बर्फ म्हणजे हवेची रोजनिशीच. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार, इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फाशी तुलना करता १९६० च्या दशकातील बर्फात शिसे सुमारे २०० पट होते. ग्रीनलंडमध्ये ना मोटारी होत्या, ना शिशाचे कारखाने. ते सारे शिसे परदेशांतून वाऱ्यावर आलेले होते.

पुढे त्याच बर्फातील समस्थानिकांवरून, १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतर अमेरिकेचा वाटा कसा होता आणि तेथे पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागताच तो कसा घटत गेला, हेही वाचता आले. त्याहून खालच्या थरांत रोमन साम्राज्यकाळातील शिसे सापडले. त्याचे गुणोत्तर स्पेनमधील रिओ तिंतोच्या खाणींशी जुळले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भट्टीचा धूरही आपले कूळ विसरला नव्हता.

कणाची जबानी

प्रत्यक्षात ही चौकशी कशी चालते? पहिली पायरी कण पकडण्याची. एका पेटीतील पंखा ठरावीक मात्रेत हवा खेचतो आणि ती गाळणकागदातून सोडतो. चोवीस तासांनी कागदावर जो काळपट थर जमतो, तो आम्लात विरघळवून त्यातील धातू मोजतात.

दुसरी पायरी म्हणजे हे शिसे मातीचे की माणसाचे, हे ठरविणे. सामान्य मातीत शिशाचे प्रमाण दहा लाखांत पंधरावीस भाग, तर ॲल्युमिनियम सुमारे आठ टक्के असते. गाळणकागदावर ॲल्युमिनियमच्या मानाने शिसे याच प्रमाणात असेल तर ती साधी धूळ. पण शेकडो पटींनी अधिक असेल तर कोठे तरी भट्टी, मोटार किंवा जळणारा कचरा आहे हे निश्चित.

तिसरी पायरी समस्थानिकांची. आणि चौथी पायरी वाऱ्याची: हवामानाच्या नोंदींवरून, आज येथे असलेली हवा चार-पाच दिवसांपूर्वी कोठे होती, याचा उलटा मार्ग संगणकावर काढतात. कूळ आणि वाट दोन्ही जुळली तरच पुरावा भक्कम मानतात. नुसते कूळ जुळणे म्हणजे केवळ संशय.

या पद्धतीचा एक ठसठशीत दाखला म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. १९८७ साली विल्यम स्टर्जेस आणि लेनर्ड बॅरी या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, अमेरिकेतील हवेच्या शिशाचे २०६/२०७ गुणोत्तर सुमारे १.२१ आणि कॅनडातील सुमारे १.१५ आहे. दोन्ही देशांत मोटारी सारख्याच, रस्ते सारखेच. पण पेट्रोलमध्ये गेलेले शिसे निरनिराळ्या खाणींचे. मग पूर्व कॅनडातील एखाद्या खेड्यात गोळा केलेल्या हवेत दोहोंचे मिश्रण मोजता येऊ लागले. समजा, एखाद्या दिवशी गुणोत्तर १.१९ आले. १.१५ पासून ते ०.०४ ने वर आहे, आणि दोन टोकांमधले एकूण अंतर ०.०६. म्हणजे ढोबळमानाने त्या दिवशीच्या शिशापैकी दोनतृतीयांश अमेरिकेचे आणि एकतृतीयांश घरचे. हायस्कुलातल्या मिश्रणाच्या गणिताहून हे वेगळे नाही. ज्या प्रश्नावर दोन देश वर्षानुवर्षे एकमेकांकडे बोट दाखवू शकले असते, त्याला दशांश अपूर्णांकाची भाषा मिळाली.

यापेक्षाही लांबचा प्रवास दक्षिण ध्रुवाकडे झाला. २०१४ साली जोसेफ मॅककॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाच्या अनेक भागांतील बर्फाचा अभ्यास प्रसिद्ध केला. औद्योगिक शिसे तेथे १८८९ च्या सुमारास पोहोचल्याचे आढळले आणि त्याचे कूळ निघाले ब्रोकन हिल. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो १९११ च्या डिसेंबरात. माणसाच्या पावलाआधी बावीस वर्षे माणसाचा धूर तेथे जाऊन पोहोचला होता.

वारा, सीमा आणि आपण

हे सर्व दूरदेशीचे झाले. आपल्याकडे काय?

आपल्या भागाने सीमा बदलताना पाहिल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जुन्या प्रदेशाचे तीन वाटे झाले. मराठवाडा एकीकडे गेला, बिदर, गुलबर्गा, रायचूर हे कन्नड जिल्हे दुसरीकडे आणि तेलंगण तिसरीकडे. २०१४ साली तेलंगण पुन्हा वेगळे झाले. या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड मुले एका बाकावर बसतात, ती त्याच इतिहासामुळे. वाऱ्याने मात्र यांतील एकाही रेषेची दखल घेतली नाही. राज्यांच्या रेषेची घेतली नाही, तशी देशांच्या रेषेचीही घेत नाही.

२०१२ च्या मार्च महिन्यात मध्यपूर्वेतील वाळवंटांतून उठलेले धुळीचे लोट अरबी समुद्र ओलांडून पश्चिम भारतावर आले. २० मार्चच्या सुमारास मुंबईचे आकाश धुळीने झाकोळले आणि ही धूळ दिल्लीपर्यंत पोहोचली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्या दिवसांतील हवेचे नमुने तपासले, त्यांतील धातू आणि शिशाचे समस्थानिक मोजले आणि वाऱ्याच्या उलट्या मार्गाशी ताडून पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास म्हणजे सीमेपलीकडून आलेल्या हवेची ओळख आपल्या देशात शिशाच्या कुळावरून पटविल्याचे चांगले उदाहरण आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा तसेच झाले. पाकिस्तानवरून आलेल्या वादळाची पांढरट धूळ मुंबईतील गाड्यांवर साचली, आणि कराचीची धूळ मुंबईत कशी, म्हणून लोक चकित झाले.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, चला, दोष शेजाऱ्यांचा! पण वर्षाचे दुसरे पान उलटून पाहिले पाहिजे. हिवाळ्यात आपल्याकडे वारा ईशान्येकडून येतो आणि जमिनीवरून समुद्राकडे जातो. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात व्ही. रामनाथन आणि नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुट्झन यांच्या नेतृत्वाखाली हिंदी महासागरावर एक मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. तीत असे दिसले की दक्षिण आशियातून निघालेला धुरकट थर अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून पार विषुववृत्ताच्या आसपासपर्यंत पसरतो. मालदीवसारख्या, कारखाने जवळजवळ नसलेल्या बेटांवर आपला धूर जातो. मार्चमध्ये आपण फिर्यादी असतो, जानेवारीत आरोपी.

हे चक्र नुसते आडवे नाही, उभेही आहे. पावसाळ्यात ढगांचे प्रचंड उभार जमिनीजवळची हवा उचलून १३ ते १८ किलोमीटर उंचीवर नेतात आणि तेथे आशियावर कणांचा एक पातळ थर तयार होतो. त्याचा अभ्यास करण्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील बलून केंद्रातून २०१४ नंतरच्या काही पावसाळ्यांत इस्रो आणि नासा यांनी मिळून फुगे सोडले. त्या थरात कोणकोणत्या देशांचा धूर एकत्र येतो, हा प्रश्न आपल्याच गावच्या आकाशात विचारला गेला आहे. पॅसिफिक महासागरापलीकडे कॅलिफोर्नियात तर २०१० साली संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांवरून दाखविले की, काही दिवशी तेथील हवेतल्या शिशाचा चतुर्थांशाच्या आसपास भाग आशियातून आलेला असतो.

कूळ कळले, पण अपराधी?

येथे एका गोष्टीबद्दल सावध राहिले पाहिजे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. समस्थानिक खनिजाचे कूळ सांगतात. ते कोणी जाळले, हे सांगत नाहीत.

ब्रिटनचेच पाहा. तेथील स्वतःच्या खाणींतील शिशाचे २०६/२०७ गुणोत्तर १.१८ च्या आसपास. पण तेथील पेट्रोलमधील शिशाचे गुणोत्तर १.०६ ते १.०९ एवढे कमी होते, कारण त्यात ऑस्ट्रेलियातील अतिप्राचीन खनिजाचा मोठा वाटा होता. लंडनच्या रस्त्यावरील धूर नुसत्या कुळावरून ओळखू गेल्यास ऑस्ट्रेलियाचा ठरला असता! राजस्थानातील झावर आणि रामपुरा-अगुचा येथील खनिजेही १७०-१८० कोटी वर्षांच्या घरातील. वयाने जवळ असलेल्या खनिजांची गुणोत्तरेही जवळ येतात. तेव्हा २०८ चाही आधार घ्यावा लागतो, सोबतचे इतर धातू पाहावे लागतात. त्यात आज शिशाचा मोठा भाग जुन्या बॅटऱ्या वितळवून मिळतो. एका भट्टीत दहा देशांचे भंगार पडले की दहा कुळांचा काला होतो आणि गुणोत्तर कोणा एकाचे राहत नाही.

तेव्हा "हे शिसे अमक्या देशाचे" असे कोणी म्हणाला तर विचारावे: खनिज त्या देशाचे, की धूर त्या देशाचा? हा भेद न केल्यास शास्त्राचा उपयोग न्यायासाठी न होता केवळ भांडणासाठी होईल.

आंतरराष्ट्रीय कायद्यानेही हा प्रश्न हळूहळूच हाती घेतला. दूरवर जाणाऱ्या सीमापार वायुप्रदूषणाविषयीचा करार १९७९ साली जिनिव्हा येथे झाला. त्याखाली शिसे, कॅडमियम आणि पारा यांच्याविषयीचा करार १९९८ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे झाला. त्याच १९९८ साली भारतासह दक्षिण आशियातील देशांनी आणि इराणने मालदीवची राजधानी माले येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयी एक जाहीरनामा स्वीकारला. मोजमाप करावे, माहितीची देवाणघेवाण करावी, असे त्यात ठरले. पण जाहीरनामा म्हणजे बंधनकारक करार नव्हे. मोजमापाचे वजन तेथेच कळते. ज्याच्याजवळ आकडे नाहीत त्याची तक्रार कोणी मनावर घेत नाही.

हैदराबादची मुले

शेवटी पुन्हा घरी येऊ. भारतात शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मिळू लागले ते फक्त चार महानगरांत, आणि नव्या धाटणीच्या गाड्यांसाठी. हैदराबाद त्या चारांत नव्हते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ साली, बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने हैदराबादसह भारतातील प्रमुख शहरांत केलेल्या रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बारा वर्षांखालील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त होते. तेव्हा हीच काळजीची पातळी मानली जाई. ती मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांतली काही या महाविद्यालयातून शिकून गेली असतील.

पेट्रोलमधील शिसे बंद झाल्यानंतर मुंबईत झालेल्या तपासणीत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश मुलांवर आले. घट खरी, पण प्रश्न संपला नाही. अल्जीरियात २०२१ साली शेवटचा पंप बंद झाला आणि जगातील मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल संपले. तरीही २०२० च्या युनिसेफच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील आहेत. हे शिसे कराचीहून वा आखातातून आलेले नाही. त्याचा मोठा भाग घराजवळच्या कारणांचा आहे: उघड्यावर बॅटऱ्या फोडून वितळविणाऱ्या भट्ट्या, जुन्या भिंतींचा सुटणारा रंग, भेसळीचे मसाले, शिसे मिसळलेल्या कल्हईची भांडी. कायदे झाले आहेत. घरगुती रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, आणि बॅटऱ्यांसाठी २०२२ चे नियम आहेत. पण गल्लीतल्या भट्टीपर्यंत नियम पोहोचण्याआधी तिचा धूर आपल्या घरात पोहोचतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांना एक सुचवावेसे वाटते. रसायन किंवा भूशास्त्र शिकताना समस्थानिकांचा धडा परीक्षेपुरता वाचून सोडू नका. ज्या गुणोत्तराने पृथ्वीचे वय सांगितले, अंटार्क्टिकातला धूर ऑस्ट्रेलियाचा ठरविला आणि दोन देशांतील वादाला आकडे दिले, तेच गुणोत्तर एखाद्या वस्तीतील मुलाच्या रक्तातले शिसे समोरच्या भट्टीचे की भिंतीच्या रंगाचे, हे सांगण्यास मदत करू शकते. यंत्रे आपल्या गावात आहेत. प्रश्न विचारणारे हवेत.

नदीचे मूळ विचारू नये असे पूर्वज म्हणाले, तेव्हा नदीचे पाणी पिण्याजोगे होते. आता हवेचे मूळ विचारणे भाग आहे. मात्र विचारताना लक्षात ठेवावे की, वाऱ्याची दिशा ऋतूप्रमाणे फिरते. आज जो धूर आपण शेजाऱ्याचा म्हणून मोजतो, उद्या त्याच मापाने शेजारी आपला मोजणार आहे.